चाकाचं टोकन

भिलाईतल्या पावर हाउसच्या बाजारात केवलरामचं दुकान कुठे आहे, हे कोणाला विचारावं लागत नसे. स्टेशनकडून चालत आलं, की भाजीवाल्यांच्या ओळीनंतर एक जुना कडुनिंब दिसे आणि त्याच्या फांद्यांना चाकं लटकलेली असत. सायकलींची चाकं वर, मोटारसायकलींची खालच्या जाड फांदीला, आणि ट्रकचं असलंच तर ते बुंध्याला टेकवून. झाडाखाली बिनचाकांच्या गाड्या काही विटांवर, काही लाकडी ठोकळ्यांवर बसवलेल्या असत. त्यांच्या शेजारी एका लांब बाकावर त्या गाड्यांचे मालक बसलेले असत. दुकानाच्या पाटीवर लिहिलं होतं, ‘केवलराम टायर व मोटर रिपेअर, काम तुरंत’. यातला ‘तुरंत’ पाटी रंगवणाऱ्याने आपल्या मनाने घातला, असं केवलराम सांगे. पण तो पुसायला त्याला कधी सवड झाली नाही.

केवलरामची कामाची एक पद्धत होती. गिऱ्हाईक गाडीवरून उतरून दुखणं सांगायला तोंड उघडे, तोवर याचा पाना नटावर बसलेला असे. बोलणं संपेपर्यंत चाक निघालेलं असे आणि झाडाला लागलेलं असे. मग केवलराम हात पुसत म्हणे, “बसा जी. चहा घ्या. आत्ता होऊन जाते.” बिनचाकाची गाडी घेऊन माणूस जाणार कुठे? तो बसे. चहा येई, आलं घातलेला आणि गोड. चहा अर्धा होतो न होतो तोच दुसरं गिऱ्हाईक येई, केवलराम पाना घेऊन तिकडे धावे, आणि पहिल्याचं चाक झाडावर वाऱ्याने हळूहळू फिरत राही. हा माणूस लबाड होता म्हणावं, तर तसंही नव्हतं. ‘आत्ता’ म्हणताना त्याचा स्वतःचा त्यावर पूर्ण विश्वास असे.

तर या झाडावर धोंडबा मेश्रामच्या सायकलचं पुढचं चाक अकरा दिवस लटकलं होतं.

धोंडबा हा साकोलीकडचा. तीन वर्षांपूर्वी पोलादाच्या कारखान्याची उभारणी ऐन जोरात असताना भिलाईला आला आणि टूल रूममध्ये लागला. लोखंडी जाळीच्या खिडकीमागे त्याची जागा. भिंतीवर ओळीने खिळे, प्रत्येक खिळ्याला एक हत्यार. कामगाराने यायचं, आपल्या नंबराचं पितळी टोकन द्यायचं, पाना न्यायचा. पाना गेला की त्याच्या खिळ्यावर ते टोकन लटकायचं. पाना परत आला की टोकन परत. धोंडबाला ही व्यवस्था मनापासून आवडत असे. गावी त्याने आयुष्यभर असं पाहिलं होतं, की मोठ्या माणसाने वस्तू नेली की ती गेली, आणि लहान माणसाने नेली की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. इथे खिळ्यापुढे सगळे सारखे. एकदा एक रशियन इंजिनियर घाईघाईने आला आणि बिनटोकनाचा पाना मागू लागला. धोंडबाने रिकाम्या खिळ्याकडे बोट दाखवलं आणि हात जोडून उभा राहिला. बाकीच्यांचे चेहरे उतरले. इंजिनियरने थोडा विचार केला, डोक्यावरची हॅट काढली, जाळीतून आत दिली आणि पाना घेऊन गेला. ती हॅट दुपारपर्यंत खिळ्यावर होती. तेव्हापासून धोंडबाचं नाव सगळ्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या त्या विभागात, झालं.

असा हा हिशोबी नेमाचा माणूस, आणि तो सापडला केवलरामच्या तावडीत. मुरमाच्या रस्त्यावर एका खड्ड्यात चाक आपटलं, रिम वाकली, दोन तारा तुटल्या. तो सायकल ओढत दुकानी आला आणि म्हणाला, “भाऊ, किती वेळ लागंल?”

“बसा जी,” केवलराम म्हणाला, आणि चाक झाडावर गेलं.

पहिले चार दिवस धोंडबाने काही मनाला लावून घेतलं नाही. खरं सांगायचं, तर त्याला त्या बाकावर बसायला आवडलंही. केवलराम हा शेतकरी घरातला, गोंदियाकडचा. तिकडे अशा घरच्या माणसाने धोंडबासाठी कपबशी वेगळी ठेवली असती, अंगणाच्या कोपऱ्यात, पालथी. इथे एकाच केटलीतून, एकाच ताटलीतले काचेचे ग्लास सगळ्यांपुढे फिरत, आणि कोणता ग्लास कोणाला गेला हे केवलराम बघतही नसे. धोंडबाने हे बायकोला पत्रातही लिहिलं होतं. तेवढ्यासाठी चार दिवस ड्यूटीवर पायी जायला त्याची हरकत नव्हती.

पण पाचव्या दिवशी कारखान्याकडून क्वार्टरची, म्हणजे राहायच्या घराची, चिठ्ठी आली.

तीन वर्षं त्या चिठ्ठीची वाट पाहिली होती. धोंडबा कामगारांच्या कॅम्पमध्ये चौघांच्या खोलीत राही, तिथे बायकोला आणणं शक्य नव्हतं. शेवंता तिकडे सासऱ्याच्या घरी, आणि लेक विजया आता चार वर्षांची झाली होती. या तीन वर्षांत बापाला तिने मोजून पाच वेळा पाहिलं होतं. मागच्या खेपेला ती त्याला ‘पाहुणे’ म्हणाली होती, आणि सगळं घर हसलं होतं. धोंडबाही हसला, आणि परतताना गाडीत त्याच्याने डबा खाववला नाही.

चिठ्ठीत लिहिलं होतं, शनिवारी तीनच्या आत कचेरीत येऊन किल्ली घ्यावी, नाही तर क्वार्टर यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल. धोंडबाची ड्यूटी सकाळची, दोनचा भोंगा होईपर्यंत. गेटमधून बाहेर पडायला दहा मिनिटं. कचेरी तिथून चार मैल. पायी गेलं तर तास-सव्वा तास, सायकलने अर्ध्या तासाच्या आत. त्या आठवड्यात शॉपमध्ये कोणालाच सुट्टी नव्हती. दुसऱ्याची सायकल मागावी, तर ज्याच्याकडे सायकल तो त्याच वेळी तिच्यावरूनच ड्यूटीवर निघणार किंवा घरी परतणार. आणि इकडे क्वार्टर मिळणार हे कळताच शेवंताने भावाकडून लिहवून पाठवलं होतं, ‘रविवारच्या पॅसिंजरनं निघून राहिली मी. सामान बांधलं. आता नाई म्हणू नका.’

म्हणून धोंडबा रोज दुपारी दुकानी जाऊन सांगू लागला, “भाऊ, शनिवारी दोनचा भोंगा झाला की मले सायकल पाहिजेन. क्वार्टरची किल्ली आणाची हाय.”

“शनिवार तं लय लांब हाय जी,” केवलराम म्हणे. “उद्याच घेऊन जा.”

बाकावर त्याला दोन सोबती होते. एक भैयालाल, मुरमाच्या ट्रकचा ड्रायव्हर. दुसरे कृष्णराव, एका ठेकेदाराचे कारकून, ज्यांना साहेबाची जुनी मोटारसायकल मिळाली होती आणि त्या दिवसापासून जे पायीच चालत होते.

“मी तं निसती हवा भराले आलतो,” भैयालाल सांगे. “निसती हवा. सहा दिस झाले. ट्रक ठोकळ्यावर, अन् ठेकेदार माह्या छातीवर.”

“तुमचं बरं आहे,” कृष्णराव म्हणत. ते मूळचे अमरावतीचे, बोलणं पुस्तकी. “माझी गाडी मागे नवव्या दिवशी मिळाली. दोन्ही चाकं होती, कबूल करतो. पण हॉर्न नव्हता. पुढे एकदा बाजारात उभा असताना मागून माझाच हॉर्न वाजला. वळून पाहिलं, तर एक अनोळखी गृहस्थ, ‘बाजूला व्हा’ म्हणून मलाच सांगतायत.”

केवलराम हे सगळं ऐके, आणि हसणाऱ्यांत त्याचाच आवाज मोठा असे. मग म्हणे, “मोठ्या गाडीचा हॉर्न होता जी तो. तुमच्या गाडीले शोभत नव्हता.” आणि पुन्हा चहा ओते. अशा माणसाशी भांडावं तरी कसं?

शुक्रवारी धोंडबा ड्यूटी संपवून सरळ दुकानी आला. चाक झाडावरच होतं. त्याने हात उंचावून ते खाली काढलं आणि पाहिलं. रिम तशीच वाकडी, तुटलेल्या तारा तशाच. आणि आसाला हात लावला, तर आस लटपटत होता. आतले छर्रे, म्हणजे बेअरिंगच्या गोळ्या, गायब होते.

“भाऊ, याचे छर्रे कुठी गेले?”

“ते होय,” केवलराम म्हणाला. “सकाळी एक मानूस लय घाईत होता बापा. मी म्हटलं, धोंडबाभाऊची सायकल तं काही आज जाऊन नाई राहिली. त्याले दिले. रायपूरवरून नवे येऊन राहिले.”

भैयालाल आणि कृष्णराव धोंडबाच्या तोंडाकडे बघू लागले. धोंडबाला राग आला होता, चांगलाच आला होता. त्याच्या डोळ्यांसमोर शेवंता उभी होती, स्टेशनवर, ट्रंक आणि गाठोडं घेऊन, आणि शेजारी विजया विचारत होती, हे पाहुणे आपल्याला कुठं नेणार. पण त्याला शिव्या देता येत नसत. राग आला की त्याला फक्त टूल रूमची भाषा येई.

“टोकन द्या,” तो म्हणाला.

“कोनतं टोकन?”

“माही वस्तू तुमच्यापाशी हाय. मंग तुमची वस्तू माह्यापाशी पाहिजे. आमच्याकडं साहेबानं बी हॅट देल्ली होती.”

केवलराम पोट धरून हसला. तो हसत असतानाच धोंडबाने बाकावरचा पाना उचलला. भिंतीला केवलरामची स्वतःची सायकल टेकलेली होती. हिरवी, रोज तेलपाणी केलेली, सगळ्या दुकानातली एकुलती एक चालू गाडी. धोंडबाने तिचे पुढचे दोन नट शांतपणे सैल केले, चाक काढलं, सायकल नीट दोन विटांवर बसवली आणि चाक खांद्याला अडकवलं.

“माहं चाक झालं की हे घेऊन जा जी,” तो म्हणाला.

“अबे, पन मी घरी कसा जाऊ? लांब रुआबांध्याले राह्यतो मी,” केवलराम म्हणाला. आता तो हसत नव्हता.

“बसा न,” भैयालाल बाकावर सरकून जागा करत म्हणाला. “चहा घ्या. आत्ता होऊन जाते.”

मग भैयालालच्याच डोक्यात प्रकाश पडला. तो धोंडबाच्या मागे धावला. “अरे लेका, ते चाक तुह्याच सायकलले लाव न. बसते बरोबर. अन् उद्या जाय क्वार्टरले.”

धोंडबा थांबला. हे त्याला सुचलं नव्हतं असं नाही. पण त्याने मान हलवली. “टोकन वापरत नसतात जी. टोकन लटकवून ठेवा लागते.”

भैयालालने कपाळाला हात लावला. अशी माणसं असतात, आणि त्यांच्यामुळेच कारखाने चालतात, आणि त्यांच्यामुळेच त्यांच्या बायका गावी तीन-तीन वर्षं बसून राहतात.

पण धोंडबाची शक्कल वाया गेली नाही. भैयालालने ताबडतोब टोकन म्हणून जॅक उचलला. धोंडबाने त्याला परत ठेवायला लावला, कारण हत्यारच नेलं तर काम कशाने करणार. तेव्हा भैयालालने केटली घेतली. कृष्णरावांनी बराच विचार करून बाक घेतला आणि भैयालालच्या मदतीने समोरच्या किराणा दुकानाच्या ओसरीवर नेऊन ठेवला. केवलरामकडे आता हत्यारं उरली, बिनचाकांच्या गाड्या उरल्या, आणि बसायला जागा उरली नाही.

शनिवारी सकाळी धोंडबा ड्यूटीवर गेला तेव्हा त्याला कुठलीच आशा नव्हती. चार मैल पळत जायचं, एवढं त्याने ठरवलं होतं. पळत गेलं तर कदाचित जमेल. दोनचा भोंगा झाला. तो माणसांच्या लोंढ्यातून वाट काढत गेटबाहेर आला, धोतर वर खोचलं, आणि समोर पाहतो तर केवलराम उभा.

केवलरामच्या हातात धोंडबाची सायकल होती. पुढचं चाक सरळ, तारा नव्या, छर्रे कुठून आले देव जाणे. बहुधा आणखी कोणी तरी आज पायी चालत होतं. केवलरामचे डोळे लाल होते आणि धोतर गुडघ्यापर्यंत धुळीने माखलं होतं.

“काल रुआबांध्यापर्यंत पायी गेलो,” तो म्हणाला. “आज सकाळी पायी आलो. पायाले फोड आले न बापा. अन् दुकानात बसाले बाक नाई, प्याले चहा नाई. मंग काय करू? काम केलं.”

धोंडबाने हँडलला हात घातला. केवलरामने हँडल सोडलं नाही.

“टोकन?” तो म्हणाला.

धोंडबा जागच्या जागी उभा राहिला. केवलरामचं चाक कॅम्पच्या खोलीत होतं, खिळ्यावर, नेमाप्रमाणे. कॅम्प अगदी उलट्या दिशेला. तिथे जाऊन यायचं, तर तीनच काय, चारही वाजले असते.

“भाऊ, ते घरी हाय.”

“असं कसं? टोकन द्या, चाक घ्या. तुमच्याकडं एका साहेबानं हॅट देल्ली होती म्हणतात.” केवलराम पायाचे फोड विसरला होता. अकरा दिवसांत त्याला कोणी एवढा आनंद दिला नव्हता.

आणि धोंडबाची पंचाईत अशी, की त्याला हे पटत होतं. नियम नियमच. त्याने खिशात हात घातला. एका खिशात क्वार्टरची चिठ्ठी, ती देता येत नव्हती. दुसऱ्यात शेवंताचं पत्र. त्याने ते काढलं, क्षणभर हातात धरलं, आणि केवलरामपुढे केलं. “हे ठेवा. घरवालीचं हाय. चाक आणून देतो तवा परत द्या.”

केवलरामने पत्र उलगडलं. त्याला वाचता येत होतं, सावकाश, ओठ हलवत. ‘सामान बांधलं’ इथपर्यंत तो आला आणि थांबला. मग त्याने पत्राची होती तशी घडी घातली आणि ते धोंडबाच्या खिशात परत कोंबलं.

“असं टोकन नाई घेत मी,” तो म्हणाला. “चाल, मी मागं बसतो. चाक भेटेपर्यंत मीच तुह्या सायकलवर लटकून राह्यतो.”

केवलराम हा अंगाने भरलेला माणूस. दोघं निघाले. कामगारांच्या सायकलींचा तांडा त्यांना ओलांडून पुढे जात होता आणि मागे बसलेल्या केवलरामला ओळखून माना वळत होत्या. दीड मैल झाला नसेल, तोच मागच्या चाकातून सुस्कारा निघाला आणि रिम रस्त्याला टेकली. पुढचं चाक केवलरामने केलं होतं. मागच्याकडे त्याने पाहिलंच नव्हतं.

अडीच वाजायला आले होते. धोंडबाने खिशातली चिठ्ठी काढून तिच्यावरची वेळ पुन्हा वाचली. केवलरामने ते पाहिलं. त्याने सदऱ्याच्या खिशातून एक पाना, कानस, रबराचा तुकडा आणि सोल्यूशनची नळी काढली. ती त्याच्या खिशात नेहमीच असत, जशी दुसऱ्यांच्या खिशात तंबाखू असते. सायकल उलटी केली, टायर काढला, रस्त्याकडेच्या डबक्यात ट्यूब बुडवून बुडबुडा शोधला, घासलं, लावलं, दाबून धरलं. त्याची बोटं अशी चालत होती, की धोंडबा बघतच राहिला. बाकावर अकरा दिवस बसून त्याने हे कधी पाहिलं नव्हतं.

“हवा,” केवलराम म्हणाला. “पंप पाहिजे कोनाचा.”

समोरून जाणारा एक सायकलवाला थांबला. तो फकिरा, दुसऱ्या शॉपमधला, ज्याची सायकल गेल्या उन्हाळ्यात एकोणीस दिवस कडुनिंबाखाली होती. त्याने सायकलचा पंप काढला, केवलरामला पाहिलं आणि पंप पाठीमागे नेला.

“काल पावर हाउसमंदी आयकलं मी,” फकिरा म्हणाला. “टोकन द्या जी पयले.”

केवलरामने निमूटपणे डोक्यावरची टोपी काढून दिली. फकिराने ती हँडलला अडकवली आणि मगच पंप सोडला. हवा भरली, पंप गेला, टोपी आली. घाम पुसत केवलराम म्हणाला, “बस, आता मी मागून पळतो. माह्या वजनानं पुन्हा बसंल ते.” आणि फोडांच्या पायांनी तो खरोखर पळाला, अर्धा मैल, मग चालला, मग दिसेनासा झाला.

धोंडबा कचेरीत पोचला तेव्हा तीनला सात मिनिटं कमी होती.

सह्या-शिक्के आटोपून अर्ध्या तासाने किल्ली घेऊन तो बाहेर आला, तर केवलराम नुकताच येऊन पायरीवर बसला होता, जोडा काढून. धोंडबा त्याच्या शेजारी टेकला. त्याने किल्ली तळहातावर धरून केवलरामला दाखवली. साधीच लोखंडी किल्ली होती.

“एक विचारू, भाऊ?” धोंडबा म्हणाला. “बारा मिनिटांत पंक्चर निंगते. माहं चाक बी तुमी एका सकाळीत केलं. मंग अकरा दिस कावून?”

केवलराम पायाचे फोड चाचपू लागला. कोणी सरळ काही विचारलं, तर तो एरवी चहा ओतत असे. आज केटली नव्हती.

“गाडी देल्ली की मानूस जाते न,” तो म्हणाला. “घरवाली जाऊन सात वर्सं झाली माही. पोरबाळ नाई. रुआबांध्याले खोलीत गेलो की भिंतीशी बोलाव लागते. अठी बाकावर चार जन असतात, दिस निंगून जाते. म्हून चाक काढून ठेवतो. लबाडी नाई केली बापा मी. पन तुही घरवाली वाट पाहून राहिली, हे मले ठाव नव्हतं.”

धोंडबाचा राग पार गेला होता, आणि तो गेला याचंच त्याला वाईट वाटत होतं, कारण इतक्या दिवसांचा राग होता, हक्काचा.

रविवारी शेवंता उतरली. विजयाने बापाला ओळखलं नाही, पण सायकल तिला आवडली. पुढच्या दांडीवर बसून ती क्वार्टरपर्यंत आली आणि वाटेत तिने घंटी इतकी वाजवली, की शेवटी तिच्यात आवाजच उरला नाही. संध्याकाळी धोंडबाने केवलरामचं चाक नेऊन दिलं. केवलरामने ते उलटंपालटं करून पाहिलं.

“वापरलं तं नाई?”

“टोकन वापरत नसतात,” धोंडबा म्हणाला.

यानंतर केवलराम सुधारला. भैयालालचा ट्रक सोमवारी गेला. कृष्णरावांची मोटारसायकल बुधवारी गेली, हॉर्नसकट, फक्त हॉर्न तिसऱ्याच कोणाचा तरी होता. बाक परत आला, केटली परत आली. गिऱ्हाईक यायचं, केवलराम काम करायचा, गिऱ्हाईक चहाचा ग्लास न घेताच निघून जायचं. कडुनिंबाच्या फांद्या रिकाम्या झाल्या. पाटीवरचा ‘तुरंत’ पहिल्यांदाच खरा झाला, आणि बाजारात येणारे लोक दुकान शोधताना चुकू लागले.

तीन आठवड्यांनी धोंडबा सहज बाजारात आला होता. लांबून त्याला केवलराम दिसला. रिकाम्या बाकावर एकटाच बसला होता. समोर एक ग्लास. धोंडबा भाजी घेऊन घरी गेला. पण त्याचं जेवणात लक्ष लागेना, तेव्हा शेवंताने विचारलं. त्याने सगळं सांगितलं. शेवंता भात वाढता वाढता थांबली.

“तुमी म्हणत होते न, तठी सगळ्याईले एकाच केटलीतला चहा भेटते,” ती म्हणाली. “मंग त्या मानसाले एकटं कावून बसू देता?”

दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपवून धोंडबा कडुनिंबाखाली आला. सायकल अगदी ठणठणीत होती, वाटेत एकदाही कुरकुरली नव्हती. त्याने ती विटांवर बसवली, केवलरामचा पाना उचलला, आपल्याच हाताने पुढचं चाक काढलं आणि जुन्या फांदीला लावलं.

केवलराम उठून उभा राहिला. “काय झालं याले?”

“काई नाई जी,” धोंडबा बाकावर बसत म्हणाला. “सावकाश होऊ द्या. संध्याकाळपर्यंत दिलं तं चालंल. उद्या पुन्हा आणून देतो.”

केवलरामने झाडावरच्या चाकाकडे पाहिलं. मग त्याने डोक्यावरची टोपी काढली, बिनचाकाच्या सायकलच्या हँडलला अडकवली, आणि चहा ठेवायला आत गेला.